भानूच्या पायाचं ड्रेसिंग

भानू, भांडण अर्धवट टाकून जायची तुझी खोड जुनीच. नर्सिंगच्या हॉस्टेलात तू मला चार शब्द सुनावायचीस आणि मी उत्तर जुळवेपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपून जायचीस. या वेळीही तेच केलंस. तुझ्या वर्सोव्याच्या घराच्या ओट्यावर आपण तावातावानं बोलत होतो, "पुढच्या रविवारी बघते तुझ्याकडे," असं म्हणून मी मेट्रो पकडायला निघाले, आणि पुढचा रविवार यायच्या आत तुला ताप आला, तो छातीत उतरला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तुला बोलता येत नव्हतं, आणि एकटीनं भांडायची मला सवय नाही.

तुझे दिवस अजून व्हायचेत. घरी माणसं येतात, तुझ्या वहिनीला सांगतात, फार प्रेमळ होती हो भानू. मी कोपऱ्यात बसून ऐकते. प्रेमळ होतीस, खरं आहे. पण किती भांडकुदळ होतीस ते कुणी मला विचारत नाही. म्हणून हे तुलाच लिहितेय. एवढं सलग तू मला कधी बोलू दिलं नव्हतंस.

आपला वाद तसा नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा. एकाच हॉस्पिटलात तू सर्जरीच्या वॉर्डात आणि मी मेडिसिनच्या, आणि रिटायर होईपर्यंत दोघी तिथेच चिकटून राहिलो. कँटीनमध्ये समोरासमोर बसलो की तू सुरू व्हायचीस. "तुमचं काय बाई, मेडिसिनवाल्यांचं. रक्त तपासा, वाट बघा. परत रक्त तपासा, परत वाट बघा. पेशंट कंटाळून बरा होतो." मी म्हणायचे, "आणि तुम्ही? दिसलं की काप, दिसलं की काप." तू डब्यातलं सुकटीचं कालवण माझ्या भातावर ओतायचीस, की मी गप्प. आमच्या घरी बाबासाहेबांच्या जयंतीला तू खीर खायला यायचीस तेव्हाही माझ्या सासऱ्यांसमोर हेच भांडण. ते बिचारे म्हणायचे, "दोघी मिळून एक वॉर्ड चालवा म्हणजे संपेल."

पण तुझ्या हाताला तोड नव्हती, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. तुझं ड्रेसिंग म्हणजे ड्रेसिंग. इतर सिस्टर वरवर पुसून पट्टी बांधायच्या, तू जखमेच्या तळापर्यंत जायचीस. मेलेलं मांस, पू, खपली, काही म्हणून ठेवायची नाहीस. "लाल दिसलं पाहिजे," हा तुझा नियम. "जिवंत मांस लाल असतं. पिवळं दिसतंय तोवर हात थांबवायचा नाही." पेशंट किंचाळायचा, तू म्हणायचीस, "ओरड रे, बिनधास्त ओरड, मी कुठे पळत नाही." तीच माणसं दिवाळीत मिठाई घेऊन वॉर्डात यायची, लेंग्याचा पाय वर करून भरलेली जखम तुला दाखवायची. तुझा हात आयुष्यभर बरोबर ठरत आला होता. पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर आधी हे लक्षात घ्यायला हवं.

सुरुवात किती फालतू होती आठवतं? आपण रिटायर झाल्यावर एकदा तुझ्या दादाच्या बर्फाच्या पेटीचा कोपरा नडगीला लागला. तिथे फोड आला. तू सुई उकळलीस, फोड फोडलास, पुसलास, पट्टी बांधलीस. दुसऱ्या दिवशी फोडाच्या जागी खड्डा. तू खड्डा साफ केलास. खड्डा मोठा झाला.

मी आले तेव्हा तू मोरीत स्टुलावर बसली होतीस, पाय पालथ्या बादलीवर, मांडीवर गॉजचे तुकडे, चिमटा हातात. घरातल्या कुणाला आत यायची परवानगी नव्हती, मी आगाऊपणे आले. तू जखम घासत होतीस. दातावर दात, कपाळावर घाम, पण हात थांबत नव्हता. दुसऱ्याच्या पायावर तुला तसं करताना मी असंख्य वेळा पाहिलं होतं. तुझ्याच पायावर पाहताना मला बाहेर जावंसं वाटलं.

"कडा जांभळी का दिसते गं?" मी विचारलं.

"मार लागलाय तिथे."

"मार लागून इतके दिवस झाले."

"सुजे, जखम हे माझं खातं आहे. तू आपली बीपी बघ."

सकाळ-संध्याकाळ तू घासत राहिलीस. लाल दिसेपर्यंत. आणि दर वेळी ती जांभळी कड थोडी पुढे सरकत गेली. तुझा निष्कर्ष ठरलेला, आपण कमी साफ करतोय. मग आणखी जोरात. शुगर तपासली, नॉर्मल. पायाचं रक्ताभिसरण बघितलं, चांगलं. अँटिबायोटिक बदलून झाली. अंधेरीच्या एका नर्सिंग होममधल्या सर्जननं भूल देऊन आजूबाजूचं सगळं कापून जखम स्वच्छ केली. तू ग्लानीतून बाहेर येताच मला म्हणालीस, "बघ, आता कसं काम झालं!" पट्टी सोडली तेव्हा जखम दुपटीनं मोठी होती आणि दुखणं असं की चादर लागली तरी तू कळवळायचीस. सर्जन पुन्हा कापायचं म्हणाले, मग मांडीची कातडी काढून तिथे लावू म्हणाले. आणि तेही नाही जमलं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. तुझा दादा जिन्यात उभा राहून रडला. तू मात्र ऑपरेशनची तारीख विचारत होतीस.

तुझा पाय जाणार होता, भानू. तुला ते दिसत नव्हतं की दिसत असून तू बघत नव्हतीस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी हट्ट धरला की ऑपरेशनच्या आधी पार्ल्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवायचं. तू केवढी भडकलीस. "माझा पाय सडतोय आणि तू मला खरूज-नायटेवाल्यांकडे नेतेस?" रिक्षात बसल्यावरही तुझं चालूच. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मॅडम, वापस घुमाऊं क्या?" मी म्हटलं, "सीधा चलो."

डॉक्टर तरुण होत्या, तू ज्यांना वॉर्डात शिकवलंस त्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी पट्टी सोडली, जखमेला हात लावला नाही, स्टूल पुढे ओढून नुसत्या बघत बसल्या. तू माझ्याकडे असा कटाक्ष टाकलास की घ्या, ही आणखी एक बघत बसणारी.

"सिस्टर, साफ केल्यावर ही वाढते का?"

"साफ केल्यावर वाढेल कशी? नीट साफ झाली नाही म्हणून वाढतेय."

"आणि ऑपरेशननंतर?"

उत्तर मी दिलं, "दुप्पट."

त्यांनी मान हलवली. "पोट कसं आहे तुमचं?"

"पोटाचा काय संबंध?"

"सांगा तर. वारंवार जुलाब? शौचातून रक्त, आव?"

"काही नाही. पोट एकदम झकास."

आणि मी म्हणाले, "आहे, डॉक्टर. जुलाब आहेत. रक्तही पडतं. बरेच महिने झाले."

तुझा चेहरा मी बघितला नाही. मुद्दामच बघितला नाही.

मला कसं कळलं होतं, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. सांगते. आपण वर्सोव्याच्या जेटीवरून मढच्या फेरीबोटीत बसायचो, पलीकडे चहा प्यायचो, परत यायचो, काही काम नसताना. एकाएकी तुला त्या बोटीचा कंटाळा आला. कोळ्याच्या मुलीला बोट लागते म्हणालीस! बोटीत संडास नाही, हे कारण मला समजायला वेळ लागला. मग तू माझ्या घरी आलीस की आल्याआल्या आत जायचीस आणि बाहेर फिनेलचा घमघमाट. माझ्याकडे फिनेलची बाटली पुरेना. आमचे हे विचारायचे, तुझी मैत्रीण आपला संडास धुवायला येते का? एकदा फिनेल ओतूनही कडेला रक्ताचा थेंब राहिला होता. तो मी पुसला. नर्स होते मी, भानू. रक्त कमी होऊन तुझ्या पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या मला दिसत होत्या.

आणि तू का लपवलंस तेही मला माहीत होतं. तुझे बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले, तुझ्याच वॉर्डात. त्यांचंही रक्त पडण्यापासूनच सुरू झालं होतं. तुला वाटलं, तेच आलं. जे आलंय ते उघडून बघायची हिंमत होईना, आणि समोर पायावर एक जखम होती, जिला हात घालता येत होता. मग तू तिलाच धरलंस. सकाळ-संध्याकाळ घासत होतीस ती नडगी, पण तुझी भीती पोटात होती. मला असं वाटतं. चूक असेल तर असो, आता तू खोडून काढायला नाहीस.

डॉक्टरांनी मग समजावलं, ते ऐकताना मी नव्यानं शिकाऊ झाले. ही जंतूंची जखमच नव्हे. नाव लांबलचक, पायोडर्मा गँग्रिनोझम. दुर्मीळ आजार. शरीराचे राखणदारच बिथरतात आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतात. जिथे टोचाल, कापाल, खरवडाल तिथे ते आणखी धावून येतात. म्हणून सुई लावली की वाढतं, कापलं की दुप्पट होतं. मांडीची कातडी काढली असती तर मांडीवरही तीच जखम उभी राहिली असती. आणि अशा पुष्कळ पेशंटांमध्ये मूळ आत कुठेतरी असतं. कधी सांध्यांत, कधी रक्तात, आणि बरेचदा आतड्यात.

"आतडं बघितल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग तुझ्याकडे वळून, "आणि सिस्टर, घासणं आजपासून बंद."

परतताना रिक्षात तू एक अक्षर बोलली नाहीस. घरासमोर उतरताना माझा हात झिडकारलास आणि म्हणालीस, "मेले तरी विसरणार नाही हे." मग लंगडत आत गेलीस.

दुर्बिणीतून तपासलं. कॅन्सर नव्हता. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडले होते, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात तो आजार, हट्टी, पण गोळ्यांनी आवाक्यात राहणारा. वहिनीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि मागून तुझा आवाज येत होता, "कोणाला सांगतेस गो? तिला कशाला सांगतेस?"

स्टेरॉइड सुरू झाली. जखमेवर आता फक्त सलाइननं ओलं केलेलं मऊ ड्रेसिंग ठेवायचं, बदलताना ओढायचं नाही, चिकटलं तर भिजवून सुटायची वाट बघायची. तुझ्याच्यानं ते होईना. चिमटा हातात आला की तुझा हात आपोआप घासायला जायचा. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, तुम्ही करायचं नाही, यांच्याकडून करून घ्या. यांच्याकडून म्हणजे माझ्याकडून. मी रोज अंधेरीहून यायला लागले.

काय दिवस होते ते! तू पाय पुढे करायचीस आणि तोंड भिंतीकडे. मी विचारायचे, दुखतंय का? तू वहिनीला हाक मारायचीस, "वहिनी, तिला सांग, पट्टी घट्ट झाली." वहिनी बिचारी दोघींच्या मध्ये उभी. "सिस्टर, ती बोलते पट्टी घट्ट झाली." मी म्हणायचे, "वहिनी, तिला सांगा, सैल करते." हाताच्या अंतरावर बसून आपण निरोप धाडत होतो. तुझा दादा ओट्यावर जाळं विणत बसलेला असायचा, तो एकदा मोठ्यानं हसला तर तू त्याच्यावर उशी फेकलीस.

मी आपली सलाइन थेंब थेंब सोडत बसायचे. गॉज सुटायची वाट बघत. तुला ते बघवत नव्हतं, मला कळत होतं. तुझी बोटं चादरीवर वळवळायची. माझ्या जागी तू असतीस तर एका हिसक्यात ओढलं असतंस. जांभळी कड आधी थांबली. मग फिकी झाली. मग एका दुपारी कडेनं नवी कातडी आत सरकलेली दिसली, पातळ, गुलाबी. मी काही बोलले नाही, कारण आपलं बोलणंच नव्हतं. पण तुलाही ती दिसली. तू बराच वेळ पायाकडे बघत राहिलीस आणि मग थेट मला, वहिनीला नव्हे, म्हणालीस, "एवढं हळू केलंस तर संध्याकाळ होईल."

मी म्हटलं, "होऊ दे."

वहिनी आत जाऊन चहा टाकायला लागली.

पाय वाचला. व्रण राहिला, चाळणीसारखा खड्ड्याखड्ड्यांचा, कागदाइतका पातळ. तू तो कुणाला दाखवला नाहीस. दिवाळीला मिठाई घेऊन मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा तू बरोबर आलीस, पण बाहेर रिक्षातच बसून राहिलीस. त्याच बाहेर आल्या, तुझी चौकशी केली, तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही हात न लावता बघितलंत, ते चांगलं केलंत." तुझ्या तोंडून मेडिसिनवाल्यांची तेवढी एकच तारीफ मी ऐकली.

त्यानंतरची वर्षं मला बक्षीस मिळाल्यासारखी वाटतात. फेरीबोट पुन्हा सुरू झाली. आपल्याला एक नवा नाद लागला होता. जेटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कातडीवरून त्यांच्या आतलं ओळखायचं. "त्याची मान बघ, काळी, मखमलीसारखी. शुगर तपासायला हवी." "त्या बाईच्या पापणीवर पिवळे ठिपके. चरबी असेल रक्तात." निम्म्या वेळा आपण चुकत असणार, पण खात्री करायला कुणाला अडवणार? एकदा तू एका पोलिसाच्या नखांकडे इतकं रोखून बघितलंस की तो विचारायला आला, काय पाहिजे मावशी?

आणि मग ताराबाय. बाजारात तुझ्या वहिनीच्या शेजारी बसून मासळी विकणारी. तिच्या बोटांच्या सांध्यांवर जांभळट लाल चट्टे उठले, सगळ्या बायका म्हणाल्या, बर्फ आणि खारं पाणी, आपल्या धंद्यात सगळ्यांचंच होतं. डोळ्यांच्या पापण्याही जांभळट सुजल्या, तर म्हणाल्या, झोप नाही. तिला पाटावरून उठवेना, पाटी डोक्यावर चढवायला हात वर जाईना, तर म्हणाल्या, वय झालं. तिथे बसणाऱ्या प्रत्येकीचे हात बर्फानं फाटलेले, म्हणून तिच्या हातांकडे कुणी वेगळं बघितलंच नाही. तू बघितलंस. "बर्फानं पापण्या जांभळ्या होतात का गं?" एवढंच मला म्हणालीस.

पण त्या दिवशी तू बाजारात काही बोलली नाहीस. मी बोलणार होते, तर माझा दंड चिमटलास. बाजार उठल्यावर तिला घरी बोलावलंस, वहिनीला बाहेर पाठवलंस, मलाही बाहेर काढलंस, दार लोटून घेतलंस. काय विचारलंस, कसं विचारलंस, मला ठाऊक नाही. बराच वेळ गेला. दोघी बाहेर आल्या तेव्हा ताराबायचे डोळे रडलेले होते आणि तिनं तुझा पदर धरला होता. दुसऱ्या दिवशी तू तिला पार्ल्याच्या त्याच दवाखान्यात घेऊन गेलीस. कातडी आणि स्नायूंचा आजार निघाला, तोही दुर्मीळ. त्याच्या मागे कधी कधी आत गाठ दडलेली असते, म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली, आणि अंडाशयात गाठ सापडली. लहान होती, वेळेत सापडली. ऑपरेशन झालं. ताराबाय आज मासळी विकते.

तू किती माजली होतीस त्या दिवशी! "बघ, बघ, शेवटी कापायला आम्हीच लागलो ना? गोळ्या देऊन गेली असती का गाठ?" मी म्हटलं, "सापडली बघत बसल्यामुळे." तू म्हणालीस, "काढली कापल्यामुळे." तिथे आपली बरोबरी झाली, आणि तशीच राहिली.

पण तुझं खरं उत्तर ते नव्हतं, भानू. ते लोटलेलं दार होतं. हे मला उशिरा कळलं, त्या शेवटच्या रविवारी, ओट्यावर. बोलता बोलता पार्ल्याच्या दवाखान्याचा विषय निघाला आणि तू एकदम म्हणालीस, "मला एकटीला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं," मी म्हटलं. "माझ्या घरी. तू म्हणालीस, तू तुझं बघ."

"असं विचारतात? चहा गाळता गाळता? पाठ करून?"

"मग कसं विचारायचं होतं?"

"दार लावून. समोर बसून. मी ताराबायला विचारलं तसं."

"तरी तू नाहीच म्हटली असतीस."

"म्हटलं असतं. मग दुसऱ्यांदा विचारायचं. आम्ही जखमेला एकदाच हात लावतो का?"

"तोवर तुझा पाय कापला असता!"

"माझा पाय, मी बघितलं असतं!"

आणि मी "पुढच्या रविवारी बघते तुझ्याकडे" म्हणून निघाले. तू मागून ओरडलीस, "बोंबील ने गं, तुझ्यासाठी ठेवलेत," आणि मी घुश्शात न घेताच गेले.

माझं उत्तर आता लिहून ठेवते. मला पस्तावा नाही. आजही कुणी त्या खोलीत बसवलं, समोर ती जांभळी कड असली आणि तू पोट झकास म्हणालीस, तर मी तेच बोलेन. पण तू म्हणतेस तसं दार लावून विचारायलाही हवं होतं, हेही मला पटतं. दोन्ही पटतं आणि दोन्ही एकदम जमलं नाही. तू असतीस तर हे ऐकून विजयी मुद्रेनं म्हणाली असतीस, "मेडिसिनवाल्यांचं नेहमीचंच, दोन्हीकडून बोलायचं."

जे मी कधी बोलले नाही ते असं, की त्या मोरीत तुला घासताना बघून मी घाबरले होते. तुझा पाय जाईल म्हणून तर घाबरलेच, पण तुझ्या हाताला घाबरले. इतका हुशार हात, आणि तो तुझाच घात करत होता, आणि त्याला थांब म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. म्हणून मी तुझ्याशी न बोलता डॉक्टरांशी बोलले. आणखी एक. त्या अबोल्यातल्या दुपारी मला फार आवडायच्या. तुझा पाय मांडीवर घेऊन बसायला मिळायचं. शिकत होतो तेव्हापासून तू कुणाला स्वतःची सेवा करू दिली नव्हतीस.

तुला घरी आणलं त्या दिवशी मी बायकांत मागे उभी होते. तुमच्याकडच्या रीती वेगळ्या, नात्यागोत्याच्या बायका पुढे, आपण मध्ये कशाला, असं मनात. वहिनीनं मान वर करून मला शोधलं. "सिस्टर, तुमी फुडं या. तुमचे हातानं नको का तिला पानी?" मी पुढे झाले. आपापल्या वॉर्डात तू आणि मी मिळून किती जणांना शेवटचं पुसून, नीट करून, घरच्यांच्या हवाली केलंय. मला वाटलं, हात आपोआप चालतील.

बायका हळद लावून, चोळून चोळून तुला आंघोळ घालत होत्या. कुणी पाठ, कुणी हात. तुझी एक भाची पायाशी होती. मायेनं, जोर लावून ती पाय चोळत वर आली, नडगीकडे, आणि माझ्या तोंडून केवढ्यानं निघालं, "तिथे घासू नका!"

सगळ्या थांबल्या. भाचीनं हात असा मागे घेतला जणू तुला खरंच लागलं. कुणीतरी हलकेच म्हणालं, "आता तिला काय दुखनार हाय, सिस्टर?"

ताराबाय खाली बसली होती. तिनं भाचीला बाजूला सरकवलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि तुझी टाच आपल्या तळहातावर उचलून धरली, एके काळी हात वर जात नव्हते त्या ताराबायनं. मी वरून पाणी सोडलं. थोडं थोडं, व्रणाच्या कडेकडेनं, त्यावर धार पडू न देता. बाहेर पुरुष खोळंबले होते, वेळ झाल्याचं आत सांगून गेले. मी ओतत राहिले आणि वाट बघत राहिले, भिंतीकडे तोंड करून का होईना, पण कुणीतरी म्हणेल, एवढं हळू केलंस तर संध्याकाळ होईल.